पहिल्या मायग्रेशनआधीचा प्रश्न

गेल्या महिन्यात एका नव्या प्रकल्पाची मांडणी करत होते. शेजारी नुकताच कामाला लागलेला एक सहकारी बसला होता. जँगो हे पायथन भाषेत संकेतस्थळं बांधायचं फ्रेमवर्क, म्हणजे तयार सांगाडा. त्याचा प्रोजेक्ट तयार केला, त्यात ‘अकाउंट्स’ नावाचं ॲप, म्हणजे प्रकल्पाचा एक भाग, घातलं आणि मॉडेल्सच्या, म्हणजे डेटाबेसमधल्या टेबलांची रचना सांगणाऱ्या, फाइलीत दोनच ओळी लिहिल्या. पहिल्या ओळीत युजर नावाचा क्लास, ॲबस्ट्रॅक्टयुजर या जँगोच्या तयार साच्याचा वारसा घेणारा. दुसऱ्या ओळीत फक्त ‘पास’, म्हणजे पायथनमध्ये ‘इथे काही नाही’. मग सेटिंग्जमध्ये जाऊन आमचा युजर हाच असेल असं सांगणारी एक ओळ टाकली, आणि त्यानंतरच पहिलं मायग्रेशन, म्हणजे ही रचना डेटाबेसमध्ये उतरवणारी पायरी, चालवलं.

तो म्हणाला, “ह्या क्लासमध्ये तर काहीच नाहीये. जँगोचा तयार युजर आहेच की. मग हा कशाला?”

प्रश्न रास्त होता. “डॉक्युमेंटेशनमध्ये तसा सल्ला होता” असं सांगून मोकळं होता आलं असतं. तयार युजर पुरेसा वाटला तरी नव्या प्रकल्पात स्वतःचाच करून घ्या, असं तिथे बरीच वर्षं आग्रहाने लिहिलेलं होतं. पण सल्ल्याचा हवाला दिला की ऐकणाऱ्याच्या हाती कारण लागत नाही. आणि त्या ‘पास’मागे माझ्या कामाची काही वर्षं गेलेली आहेत. त्या दिवशी वेळ नव्हता, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

जँगोचा जन्म वर्तमानपत्राच्या कचेरीतला. अमेरिकेत कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचं गाव आहे. तिथल्या लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या दैनिकाच्या वेब विभागात एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन हे दोघे २००३ साली बातम्यांची संकेतस्थळं बांधत होते. रोजच्या कामाच्या रेट्यातून जे साचत गेलं ते जुलै २००५ मध्ये जँगो या नावाने सगळ्यांसाठी खुलं झालं. नाव घेतलं जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचं.

हे मूळ ठाऊक असलं की तयार युजर मॉडेलकडे पाहण्याची नजर बदलते. त्यात काय आहे? युजरनेम, फर्स्ट नेम, लास्ट नेम, ईमेल, पासवर्ड. मग हो-नाहीचे तीन रकाने: हा कर्मचारी आहे का, याचं खातं चालू आहे का, हा सर्वाधिकारी आहे का. दोन तारखा: कधी आला, शेवटचा कधी आत शिरला. जोडीला गट आणि परवानग्या. ‘इज स्टाफ’ या रकान्याचा अर्थ एवढाच, की या माणसाला ॲडमिनच्या, म्हणजे जँगोच्या तयार व्यवस्थापनाच्या, पडद्यावर जाऊ द्यायचं की नाही. मला तरी यात एका कचेरीतल्या माणसाचं ओळखपत्र दिसतं. बातमीदार, उपसंपादक, छायाचित्रकार. कचेरीने दिलेलं आखूड नाव टाइप करून तो आत येतो, बातमी चढवतो आणि जातो. त्या कामासाठी हे चित्र अगदी नेटकं आहे, आणि ज्यांनी ते काढलं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. अडचण एवढीच, की पुढे हेच ओळखपत्र कशाकशाच्या गळ्यात पडलं. रुग्ण, विद्यार्थी, ग्राहक, वाचक, ज्यांना आपण कधी पाहिलेलं नाही आणि ज्यांनी आपल्याकडे नोकरी धरलेली नाही अशी माणसं.

रकान्यांच्या लांबीचा इतिहास पाहिला तरी हे कळतं. सुरुवातीला युजरनेमला ३० अक्षरं होती, नावाला ३०, आडनावाला ३० आणि ईमेलला ७५. ईमेलची मर्यादा १.८ या आवृत्तीत, २०१५ साली, २५४ झाली. युजरनेमची १.१० मध्ये, २०१६ साली, १५० झाली. आडनावाला १५० अक्षरं मिळायला २.० यावं लागलं, ते २०१७ चा डिसेंबर उजाडल्यावर. आणि पहिलं नाव मात्र ३० वरच थांबून राहिलं, थेट ऑगस्ट २०२० मध्ये ३.१ येईपर्यंत. एका रकान्याची लांबी वाढवायला वर्षानुवर्षं का लागावीत? कारण ते टेबल जगभरातल्या असंख्य डेटाबेसमध्ये बसलेलं आहे. फ्रेमवर्कने त्यात एक अक्षर हलवलं, तरी त्या प्रत्येक ठिकाणी मायग्रेशन चालवावं लागतं. फ्रेमवर्क सांभाळणारे सावध होते, आणि त्यांनी सावध असायलाच हवं. पण त्यांच्या सावधपणाच्या वेगाने आपला प्रकल्प चालू शकत नाही. आपल्याकडे नाव अडलेलं माणूस आज दारात उभं असतं.

नाव अडण्यावरून मीराचं सांगते. ही आमच्या एका चाचणीतली मीरा, खरी कोणी नाही. १.१० पासून पायथन ३ वर युजरनेममध्ये इंग्रजीबाहेरची अक्षरंही चालतात, असं मी वाचलं होतं. आनंद झाला होता. नोंदणीचा अर्ज मराठीत केला आणि पडताळून पाहायला ‘कमल’ हे नाव टाकलं. गेलं. ‘मदन’ टाकलं. तेही गेलं. मग ‘मीरा’ टाकलं तर लाल ओळ उमटली: योग्य युजरनेम द्या, यात फक्त अक्षरं, अंक आणि अमुक पाच चिन्हं चालतील.

मी चकित होऊन तो संदेश दोनदा वाचला. मीरा या नावात अक्षरांखेरीज आहे तरी काय?

तासाभराने उलगडा झाला. तपासणी रेग्युलर एक्स्प्रेशनने, म्हणजे मजकुराचा नमुना सांगणाऱ्या सूत्राने, होते, आणि त्यात ‘शब्दातलं अक्षर’ अशा अर्थाची एक खूण वापरलेली आहे. पायथनच्या लेखी शब्दातलं अक्षर म्हणजे स्वतंत्र अक्षर, अंक किंवा अधोरेषा. देवनागरीतला म हे अक्षर, र हेही अक्षर. पण वेलांटी आणि काना ही युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकाच्या, वर्गवारीत अक्षरं नव्हेत, अक्षराला जोडून येणाऱ्या खुणा आहेत. त्यामुळे पायथन त्यांना शब्दाचा भागच धरत नाही. कमल, मदन, जगन ही बिनमात्रांची नावं आत जातात. मीरा, सुमन, दीपक, अंजली दारातच थांबतात. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, जोडाक्षरातला पाय मोडायची खूण, सगळं अडतं. ज्याने ती तपासणी लिहिली त्याच्या मनात कुणाला बाहेर ठेवायचं नव्हतं. उलट सगळ्यांना आत घ्यायचं म्हणूनच ती लिहिली होती. त्याच्या डोळ्यांपुढे आपली बाराखडी नव्हती, इतकंच.

उपाय सोपा आहे. स्वतःची तपासणी लिहायची, युनिकोडमधला देवनागरीचा १२८ जागांचा पट्टा तिच्यात घ्यायचा आणि ती युजरनेमच्या रकान्याला लावायची. पण लावणार कुठे? तो रकाना जँगोच्या युजरमध्ये आहे, आणि ती फाइल आपली नाही. युजर आपला असेल तर वारसा घेतलेल्या क्लासमध्ये रकाना नव्याने लिहिला की काम झालं. युजर आपला नसेल तर तुम्ही अर्जात पॅच माराल, ॲडमिनमध्ये दुसरा माराल, आणि तिसऱ्या कुठल्या तरी वाटेने मीरा पुन्हा अडकेल.

ही झाली लहानशी गोष्ट. मोठी गोष्ट घडली ती आधीच्या एका प्रकल्पात, आणि तिच्यात चूक माझीही होती.

त्या प्रकल्पात लोकांनी ईमेल देऊन आत यावं अशी मागणी होती. मागणी साधीच. आम्ही काय केलं, तर जँगोचा तयार युजर तसाच ठेवला आणि युजरनेमच्या रकान्यातही ईमेलच भरला. तेव्हा युजरनेमला ३० अक्षरांचीच मर्यादा होती, म्हणून लांब ईमेल असेल तर पहिली ३० अक्षरं कापून ठेवायची. आत येतानाही तसंच कापून शोधायचं. लिहिताना ही युक्ती मला हुशारीची वाटली होती. चार ओळींत काम भागलं होतं आणि कुणी काही विचारलं नाही.

वर्षभराने एका बाईंची तक्रार आली. त्यांची नोकरी बदलली होती, म्हणून त्यांनी आपल्या पानावर जाऊन ईमेल बदलला होता. काही दिवसांनी पासवर्ड आठवेना. पासवर्ड विसरलात का, यावर टिचकी मारली. नव्या पत्त्यावर दुवा आला. नवा पासवर्ड ठेवला. तो ठेवला गेल्याचा संदेशही दिसला. मग आत जायला नवा ईमेल आणि नवा पासवर्ड टाकला, तर चूक आहे म्हणून उत्तर. त्यांनी हे तीनदा केलं. तिसऱ्या वेळी पासवर्ड कागदावर लिहून, एकेक अक्षर बघून टाइप केला. तरी तेच. त्यांच्या पत्रातली एक ओळ अजून आठवते: माझं काय चुकतंय ते कृपया सांगा.

त्यांचं काहीच चुकत नव्हतं. मी त्यांची नोंद उघडून पाहिली. एकाच ओळीत शेजारी शेजारी दोन रकाने, युजरनेम आणि ईमेल, आणि त्यांत दोन वेगळे पत्ते. पान बदलताना आम्ही फक्त ईमेलचा रकाना बदलत होतो. पासवर्डचा दुवा ईमेलच्या रकान्यावरून जातो, पण आत यायची तपासणी युजरनेमच्या रकान्यावरून होते. त्या बाई नव्या पत्त्याने दार ठोठावत होत्या, आणि दारावरच्या वहीत त्यांचा जुना पत्ता होता. पासवर्ड दर वेळी बरोबर होता. फक्त तो ज्या नावाला लावून पाहायचा, ते नावच सापडत नव्हतं.

त्या प्रकरणानंतर बाकीच्या नोंदी चाळल्या तर आणखी निघालं. जँगोच्या तयार युजरमध्ये ईमेल एकमेव असलाच पाहिजे असं बंधन नाही. युजरनेमला आहे, पण तिथे लहान आणि मोठी लिपी वेगळी धरली जाते. म्हणून एकाच माणसाची दोन खाती तयार झाली होती, एक लहान अक्षरातल्या ईमेलने, दुसरं पहिलं अक्षर मोठं करून. फोनचा कीबोर्ड पहिलं अक्षर आपणहून मोठं करतो, हे त्यामागचं कारण. पासवर्ड विसरल्याचा अर्ज मात्र लिपी न बघता शोधतो आणि जितकी खाती सापडतील तितकी पत्रं धाडतो. त्या माणसाला एकाच वेळी दोन पत्रं जात. त्यातल्या कुठल्या दुव्याने कुठलं खातं उघडेल हे त्याला कळायला मार्ग नव्हता.

यातली प्रत्येक गोष्ट आम्ही वेगवेगळी सांधत गेलो. एक सिग्नल (काही घडलं की आपोआप चालणारा कोड) इकडे, एक तपासणी तिकडे. मुळात दुखणं एकच होतं: ही व्यक्ती कोण, हे ठरवणारा रकाना कोणता, याचं उत्तर आम्ही कधी दिलंच नव्हतं.

अशा वेळी लोक प्रोफाइलचं, म्हणजे युजरची जास्तीची माहिती ठेवणारं, वेगळं टेबल काढतात, आम्हीही काढलं होतं. ही पद्धत जुनी आहे. १.५ च्या आधी जँगोने तिला अधिकृत जागाच दिली होती. तुमचं प्रोफाइलचं मॉडेल कोणतं ते सेटिंग्जमध्ये लिहायचं आणि युजरवर ‘गेट प्रोफाइल’ म्हणून ते मागवायचं. ज्यांना तेवढ्याने भागत नसे ते चालत्या कोडमध्ये युजरच्या क्लासला बाहेरून रकाने चिकटवत. ते चालायचंही, कोणत्या फाइली कोणत्या क्रमाने लोड होतील यावर विसंबून. फेब्रुवारी २०१३ मध्ये १.५ आलं आणि युजर मॉडेलच बदलता येईल अशी सोय झाली. ‘गेट प्रोफाइल’ तेव्हाच निवृत्तीला लागलं आणि १.७ मध्ये गेलं.

आजही एकास-एक नात्याने जोडलेलं प्रोफाइल बरेच जण वापरतात, आणि मी त्याच्या विरोधात नाही. फक्त त्याचे काच माहीत असू द्यावेत. युजर तयार झाला की प्रोफाइल तयार करायचा सिग्नल लिहितात, पण सिग्नल लिहिण्याआधीच्या युजरना प्रोफाइल नसतं. त्यांच्यातला एखादा सहा महिन्यांनी उगवतो आणि पान कोसळतं. फिक्श्चरमधून, म्हणजे तयार नोंदींच्या फाइलीतून, डेटा भरताना सिग्नलही चालतो आणि फाइलीतलं प्रोफाइलही येतं. एका युजरला दोन प्रोफाइल होऊ पाहतात आणि डेटाबेस नाही म्हणतो. पन्नास युजरची यादी दाखवताना एक क्वेरी (डेटाबेसला केलेली विचारणा) युजरसाठी आणि पन्नास प्रोफाइलसाठी, अशा एक्कावन्न होतात. दोन्ही टेबलं एकदम मागवणारं ‘सिलेक्ट रिलेटेड’ लिहिलं की एकावर येतात, पण ते लिहायचं भान राहिलं तर.

आता अदलाबदलीच्या त्या संध्याकाळबद्दल. शेवटी आम्ही ठरवलं की युजर आपला करायचा. तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली होती. मी क्लास लिहिला, सेटिंग बदललं आणि स्वतःच्या मशीनवर मायग्रेट चालवलं. उत्तर आलं की इतिहास विसंगत आहे. ॲडमिनचं पहिलं मायग्रेशन ज्यावर अवलंबून आहे ते अकाउंट्सचं पहिलं मायग्रेशन अजून झालेलंच नाही, मग ॲडमिनचं आधी कसं झालं?

हा संदेश पहिल्यांदा पाहिला की राग येतो, पण तो खरं तेच बोलतो. ॲडमिनमध्ये कोणी काय बदललं याची एक नोंदवही असते, आणि तिच्यातला प्रत्येक शेरा एका युजरकडे बोट दाखवतो. कोणता युजर, हे सेटिंगवरून ठरतं. काल ते बोट जँगोच्या युजरकडे होतं, आज आपण म्हणतो अकाउंट्सच्या युजरकडे. मायग्रेशनच्या हिशोबात नोंदवही आधी बांधली गेली आणि ज्याच्याकडे ती बोट दाखवते तो आज जन्माला येतोय. नुसती ‘फेक’ची, म्हणजे न चालवताच झालं असं नोंदवायची, खूण लावूनही हे सुटत नाही, कारण इतिहासाची तपासणी त्याच्याही आधी होते.

आम्ही गेलो ती वाट अनेकांनी तुडवलेली आहे. नव्या क्लासचं नाव युजरच ठेवायचं आणि टेबलाचं नाव मुद्दाम जुनंच सांगायचं, ऑथ युजर. म्हणजे डेटा जागचा हलत नाही. क्लासच्या नावाचं महत्त्व त्या संध्याकाळी कळलं. युजर आणि गट यांना जोडणाऱ्या टेबलात युजरकडे जाणाऱ्या रकान्याचं नाव क्लासच्या नावावरून पडतं. मी हौसेने आधी क्लासला ‘मेंबर’ म्हटलं होतं, तर जँगो तिथे ‘मेंबर आयडी’ शोधायला लागला आणि टेबलात होता ‘युजर आयडी’. नाव परत युजर केलं. मग कोडमध्ये जिथे जिथे जँगोचा युजर थेट आयात केला होता तिथे तिथे सध्याचा युजर कोणता ते सांगणारं ‘गेट युजर मॉडेल’ आणलं, फॉरिन कीमध्ये (दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवणाऱ्या रकान्यात) सेटिंगचं नाव घातलं. एकही जागा राहिली की मॅनेजर (मॉडेलच्या नोंदी शोधणारा आणि तयार करणारा कोड) उपलब्ध नाही, हा युजर बदलला गेला आहे, असं ठणकावून सांगितलं जातं. ते बरंच होतं, कारण चूक लपत नव्हती. सगळ्यात शेवटी प्रत्यक्ष सर्व्हरवर मायग्रेशनच्या नोंदींच्या टेबलात अकाउंट्सच्या पहिल्या मायग्रेशनची ओळ हाताने घातली. बॅकअप दोनदा घेतला होता. एंटर दाबताना हात थरथरला, हे लपवत नाही.

संकेतस्थळ सुरू झालं. कोणी बाहेरही फेकलं गेलं नाही, कारण सेशनमध्ये, म्हणजे कोण आत आलंय ते लक्षात ठेवणाऱ्या नोंदीत, युजरचा क्रमांक असतो आणि तो बदललाच नव्हता. आम्ही समाधानाने घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मदतकक्षातल्या सहकाऱ्याचा फोन: “ॲडमिनमध्ये युजरची यादीच दिसत नाहीये.” मला माझ्या खात्यातून दिसत होती. मी सर्वाधिकारी होते, मला सगळं दिसणारच. तिला जी परवानगी दिलेली होती ती जुन्या ॲपच्या नावाने होती, ऑथमधला युजर बदलण्याची. आता युजर अकाउंट्समध्ये राहायला आला होता, आणि ॲडमिन विचारत होता अकाउंट्समधला युजर बदलण्याची परवानगी. जँगो प्रत्येक मॉडेलची एक ओळख कंटेंट टाइप नावाच्या टेबलात ठेवतो. तिथल्या जुन्या ओळीवर ॲपचं नाव बदलायचं आमच्या लक्षातच आलं नव्हतं. मायग्रेट चालल्यावर त्याने नव्या युजरसाठी नवी ओळ आणि नव्या परवानग्या तयार केल्या, आणि मदतकक्षाचा गट जुन्याच परवानग्या घट्ट धरून बसला. नव्या ओळी काढल्या, जुन्या ओळीत ‘ऑथ’च्या जागी ‘अकाउंट्स’ लिहिलं, तेव्हा यादी आली. तिच्याबरोबर युजरच्या जुन्या बदलांचा इतिहासही परत दिसू लागला. तो गेलाय हे तोवर कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

ही सगळी यातायात दोन ओळींनी वाचली असती. ‘पास’ लिहिलेला क्लास सुरुवातीपासून असता, तर नंतर त्यात ईमेल एकमेव करणं हे एक साधं मायग्रेशन होतं. आधी दुबार खाती निस्तरायची आणि मग बंधन घालायचं, बस.

ज्यांना युजरनेम नकोच आहे त्यांच्यासाठी ॲबस्ट्रॅक्टबेसयुजर आहे. त्यात पासवर्ड आणि शेवटचा प्रवेश एवढंच मिळतं, बाकी तुम्ही बांधायचं: ओळखीचा रकाना कोणता ते सांगायचं, युजर आणि सर्वाधिकारी तयार करणारा मॅनेजर लिहायचा, परवानग्या हव्यात तर त्यांचा मिक्सिन, म्हणजे जोडून घ्यायचा तयार क्लास, जोडायचा. माझं मत असं, की बहुतेकांनी ॲबस्ट्रॅक्टयुजरवरच राहावं. त्यात युजरनेमचा रकाना काढून टाकून ईमेल पुढे करता येतो, मॅनेजर तेवढा आपला लिहावा लागतो. कोऱ्या पाटीचा मोह मलाही होतो, पण ॲडमिन, अर्ज आणि इतर पॅकेजं जे गृहीत धरून चालतात ते सगळं मग आपल्या अंगावर येतं.

एक जागा मात्र कोणीही चुकवू नये. नवा युजर ॲडमिनमध्ये नोंदवताना जँगोचा युजरॲडमिनच घ्यावा. साधा मॉडेलॲडमिन घेतला तर पासवर्डचा रकाना साध्या मजकुराच्या चौकटीसारखा दिसतो. त्यात असतो तो पासवर्डचा हॅश, म्हणजे पद्धतीचं नाव, फेऱ्यांची संख्या, सॉल्ट (पासवर्डात मिसळलेली वाटेल ती अक्षरं) आणि पुढे न वाचता येणारा मजकूर. मदतीला बसलेला माणूस चांगल्या मनाने तो पुसून तिथे नवा पासवर्ड टाइप करतो आणि जतन करतो. पासवर्ड डेटाबेसमध्ये जसाच्या तसा, उघडा जाऊन बसतो. आणि युजरला आतही येता येत नाही, कारण जँगोला तिथे हॅश हवा असतो. एका चौकटीने दोन्हीकडून घात होतो.

दुसऱ्या फ्रेमवर्कांतही हाच प्रश्न वेगळ्या तोंडाने येतो. पीएचपी भाषेतलं लाराव्हेल युजरचा क्लास आणि त्याचं मायग्रेशन पहिल्या दिवशी तुमच्याच फोल्डरमध्ये टाकून देतं. तो तुमचाच, हवा तसा बदला. मला ती रीत आवडते. वर्डप्रेस हे तसं फ्रेमवर्क नव्हे, संकेतस्थळ चालवायचं तयार सॉफ्टवेअर; ते युजरचं टेबल लहान ठेवतं आणि बाकी सगळं नाव-किंमत अशा जोड्यांच्या दुसऱ्या टेबलात घालतं. काहीही साठवता येतं, पण त्यावर बंधन घालणं आणि त्यातून शोधणं अवघड जातं.

युजर आपला झाला की नवा मोह सुरू होतो: जे आठवेल ते त्यात घालायचं. जन्मतारीख, पत्ता, फोटो, आवडीची भाषा, तो शिक्षक आहे का, तो पालक आहे का. इथे मी हट्टी आहे. आत आलेल्या माणसाने कुठलंही पान उघडलं आणि त्या पानाने ‘हा कोण’ असं विचारलं, की युजरची अख्खी ओळ वाचली जाते. पण वेगापेक्षाही मोठं कारण वेगळं आहे. आत कोण येतंय हे ठरवायला जे लागतं तेच दाराशी असावं. त्या माणसाबद्दल आपल्याला आणखी जे कळलंय ते आतल्या खोलीत, वेगळ्या टेबलात, वेगळ्या परवानगीखाली. ‘हा शिक्षक आहे’ असा रकाना केला की एक दिवस पालक असलेली शिक्षिका येते, आणि मग कोडमध्ये तिच्यासाठी जर-तरची जाळी विणावी लागते. भूमिका वेगळ्या टेबलात असल्या की तिच्या नावापुढे दोन ओळी असतात आणि कोणाचं काही अडत नाही. आणि माणूस सोडून जातो तेव्हा आतली खोली रिकामी करता येते, दाराशी खातं बंद असल्याची खूण ठेवता येते, त्याने लिहिलेल्या गोष्टींची नाती तुटत नाहीत.

त्या बाईंना मी तेव्हा पत्र लिहिलं होतं. तुमचं काही चुकलं नाही, चूक आमच्या मांडणीत होती, आणि ती काय होती हे सोप्या शब्दांत. त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं. पासवर्ड आता चालतोय, आभार.

काल तो सहकारी परत आला. नव्या प्रकल्पात आता ईमेलने प्रवेश हवा आहे आणि शिवाय सगळ्यांसमोर दिसणारं एक टोपणनाव हवं आहे, तेही हव्या त्या लिपीत. “‘पास’ काढू का आता?” म्हणाला. काढ म्हटलं. पण त्याआधी चाचणी लिही. त्याने फाइल उघडली, टोपणनावाच्या जागी ‘कमल’ टाइप केलं, आणि माझ्याकडे बघून ते खोडलं. मग ‘मीरा’ लिहिलं.